हात दिसले पाहिजेत

"माझे हात कुठं गेले?"

आईनं टीव्हीच्या काचेवर बोट आपटून विचारलं. विचारलं म्हणजे हातांनीच. माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिचं बोलणं, रागावणं, देवाला चार शब्द सुनावणं, सगळं हातांनी चालायचं. टीव्हीवर तिचा चेहरा एवढा मोठा आला होता की कपाळावरची आठी न् आठी दिसत होती. हनुवटीच्या खाली मात्र काहीच नव्हतं.

"याला क्लोजअप म्हणतात," मी म्हटलं. क्लोजअपला आमच्या खुणांमध्ये शब्द नव्हता, म्हणून दोन्ही तळवे चेहऱ्यापाशी आणून दाखवले. "बघ तरी किती स्वच्छ आलंय. पापण्यासुद्धा दिसतायत."

"मी पापण्यांनी बोलते का?"

सबंध संध्याकाळ खपून मी आईचा जो निरोप शूट केला होता, त्यात ती नुसती भुवया उडवत होती. बोलणं सगळं चौकटीच्या बाहेर राहिलं होतं.

कॅमकॉर्डर घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. आमच्या आळीत तो पहिलाच. चंदेरी, मुठीत मावणारा, बाजूची काच उघडली की त्यात आपलंच घर खऱ्यापेक्षा जरा जास्त रंगीत दिसायचं. मला मुळात एका जागी बसणं जमत नाही, त्यात हे खेळणं हाताला लागलं. कुकरची शिट्टी शूट केली, पंखा शूट केला, गॅलरीतला कावळा केला. झूमचं बटण बोटाखाली आलं की मला राहवायचं नाही. समोरच्या गच्चीवरच्या पापडांपासून अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरपर्यंत साताऱ्यातलं सगळं मी ओढून जवळ आणलं होतं. ऑफिसात बसलो तरी वाटायचं, बॅटरी चार्ज झाली असेल का, लेन्सचं झाकण लावलंय का. आई म्हणायची, तुला लग्नाआधीच बायको मिळाली.

पण त्या आठवड्यात खुद्द आईलाही चैन नव्हती. त्याचं कारण संगमनेरहून आलेला फोन.

संगमनेरला माझी मोठी बहीण, वृंदा. तिलाही आईसारखंच जन्मापासून ऐकू येत नाही. तिचा नवरा उमाकांत फर्निचरचं काम करायचा, त्याचे कान लहानपणी तापात गेले. त्यांचं बाळ शंतनू वर्षाचं होत आलं होतं आणि त्याला मात्र चांगलं ऐकू येत होतं. घरात चौथं माणूस उमाकांतची आई. त्यांना सगळे माई म्हणतात. माईंना ऐकूही यायचं आणि बोलताही यायचं, किंबहुना बोलायचं त्या कधी थांबायच्याच नाहीत. फोन त्यांचाच होता.

"संक्रांतीचं बोरन्हाण झालं की शंतूला थोरल्याकडं पुण्याला ठेवायचं ठरवलंय," माई म्हणाल्या होत्या. "तिथं बोलती माणसं हायेत. वर्षाचं व्हत आलं पोरगं, आजून एक शब्द न्हाई तोंडात. आता तर तेबी हात हलवाया लागलंय. हितं राहिलं तर मुकंच व्हईल. वृंदाची काय ना न्हाई."

मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. आईचा एक पाय प्लास्टरमध्ये होता, मोरीत घसरली होती. तो पाय स्टुलावरून खाली घेऊन ती ताठ बसली.

"वृंदाची ना नाही, हे कुणी सांगितलं?"

"माईंनी."

"मग ते माईंचं झालं. मला वृंदाचं पाहिजे."

फोनचा आम्हाला उपयोग एवढाच होता. इकडे मी, तिकडे माई, आणि जिचं पोर जाणार होतं ती आणि जिचं काळीज तुटत होतं ती, दोघी आमच्या तोंडाकडे बघत बसणार. आईनं माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. हे यंत्र घेऊन जा, म्हणाली. आधी माझं तिला दाखव, मग तिचं मला आण. तू मधे बोलायचं नाहीस.

म्हणून तो निरोप. क्लोजअप पुसून आम्ही पुन्हा शूट केलं. या वेळी आईनंच मला मागे रेटत रेटत दारापर्यंत नेलं. "डोक्यापासून मांडीपर्यंत. हात दिसले पाहिजेत." मला वाटलं, एवढ्या लांबून काय मजा येणार? स्टुलावर ठेवलेल्या रेडिओसारखी ती मधोमध दिसत होती. पण बोलणं सगळं आलं.

संगमनेरपर्यंतच्या प्रवासात मी पिशवी कितीदा उघडून पाहिली ते विचारू नका. शेजारच्या माणसाला वाटलं, आत कोंबडी आहे.

माई दारातच होत्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, कपाळावर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. मी चपला काढेपर्यंत त्यांनी मला पाऊसपाणी, गल्लीतलं भांडण आणि गॅसचा नंबर एवढं सांगून टाकलं. बोलता बोलता त्यांनी जमिनीवर खेळणाऱ्या शंतूच्या मागे जाऊन ताटावर वाटी आपटली. शंतू गरकन वळला.

"बघ! ऐकतंय की न्हाई? रोज सकाळी बघते मी." मग त्याच्यासमोर वाकून म्हणाल्या, "म्हन, माई! मा-ई!" शंतूनं त्यांच्याकडे पाहिलं, एक हात वर नेला, तोवर माई दूध उतू जाईल म्हणून आत पळाल्या होत्या.

वृंदा मागच्या दारी धुणं पिळत होती. मला बघून तिनं ओले हात तसेच माझ्या गालांना लावले. ती वाळली होती. मी कॅमेऱ्याची काच उघडून तिच्यासमोर धरली.

पोस्टकार्डाएवढ्या त्या काचेत आई आली. वृंदा आधी हसली, मग हातातलं धुणं खाली ठेवलं.

"वृंदे," आई म्हणत होती, "बाळाला पाठवायला तू हो म्हणालीस का? दुसरं कुणी काय सांगतंय ते मला नको. तुझं सांग. तू नको म्हणत असशील तर मी प्लास्टरसकट येते."

वृंदा तिथल्या तिथे आईला उत्तर द्यायला लागली. दोन्ही हात जोरात, काचेच्या अगदी जवळ नेऊन. मी तिच्या खांद्याला हात लावून सांगितलं, अगं, हा फोन नाही, ती आत्ता बघत नाहीये. वृंदा थांबली. काचेतली आई पुढे बोलतच होती. वृंदानं ते सगळं पुन्हा एकदा लावायला लावलं, आणि पुन्हा एकदा.

"आता तू बोल," मी म्हटलं.

"आत्ता नाही. कार्यक्रम होऊ दे."

दुपारी बोरन्हाण झालं. शंतूला काळं झबलं, गळ्यात हलव्याची माळ, डोक्यावर हलव्याचा मुकुट. गल्लीतली पोरं कडेनं दबा धरून बसलेली. माई सुपातून त्याच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, बत्तासे ओतत होत्या आणि पोरं झडप घालत होती. मी कोपऱ्यात खुर्चीवर उभा राहून शूट करत होतो. बोट सारखं झूमकडे जायचं. काय एकेक चेहरे होते! पण आईची ताकीद आठवून मी बोट आवरलं आणि सबंध खोली चौकटीत धरून ठेवली. पाट, पोरं, सूप, माई, सगळं त्यात होतं. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. खोली आपली आपण हलत होती आणि मला काही कामच नव्हतं.

मधेच शंतू कपाळावर हात मारायला लागला.

"मुकुट टोचतोय त्याला," माई म्हणाल्या आणि मुकुट काढून कोनाड्यात ठेवला.

पोरं पांगली तेव्हा वृंदानं मला मागच्या दारी बोलावलं. मी भिंतीला पाठ टेकली. डोक्यापासून मांडीपर्यंत. लाल दिवा लागला तशी मी मान हलवली. तिनं पदर खोचला आणि सुरू केलं.

"आई, मी हो म्हटलेलं नाही. मला कुणी विचारलंच नाही. मोठे दीर आले होते, जाऊ आली होती. सगळ्यांचे ओठ हलत होते. मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी हसले. मला कळत नाही तेव्हा मी हसते, तुला माहीत आहे. त्याला त्यांनी हो धरलं. उद्या ते गाडी घेऊन येणार आहेत. तू प्लास्टर घेऊन येऊ नकोस. पण आई, तू मला वाढवलंस ना? तुला कुठं बोलता येत होतं? तरी हा संग्राम बोलायला शिकला की नाही? मग माझ्याच हातात काय वाईट आहे?"

इथं तिचे हात थांबले.

"काय सांगती ती एवढं?" मागून माईंचा आवाज आला. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. "मलाबी सांग की."

आईनं मला बजावलं होतं, मधे बोलायचं नाही. पण माझ्या अंगात तेवढा दम कधीच नव्हता. मी कॅमेरा बंद केला आणि बोललोच.

"तिनं हो म्हटलेलं नाही, माई. तिला कुणी विचारलेलंच नाही."

"न्हाई कसं? समद्यांसमोर इचारलं. हसली ती."

"ती कळलं नाही की हसते! तुमच्या घरात येऊन तिला चार वर्षं झाली, एवढं माहीत नाही तुम्हाला?"

माझा आवाज चढला होता. वृंदा आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. मला वाटलं माई आता फटकारणार. त्या धुण्याच्या दगडावर बसल्या.

"उमा पाच वर्सांचा व्हता," त्या म्हणाल्या. "लई बडबड्या. माझ्यावानी. ताप डोक्यात गेला. उठला तवा ऐकू येत नव्हतं, पर बोलत व्हता. मग येकेक शब्द सांडत गेला त्याचा. पानी गेलं. भाकर गेली. शेवटी नुसता 'माई' उरला. येक दिवस त्योबी गेला. कोणता दिवस ते मला कळलंबी न्हाई. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं, की काल त्यानं हाक मारली न्हाई."

मी वृंदाला हे सांगत गेलो. तिला ते माहीत नसावं. तिचा चेहरा बदलला.

"हे व्हते तवर हाक मारायचे. ते गेले आन या घरात मला हाक मारनारं कुनी न्हाई राहिलं. दोघं मागून येऊन खांद्याला हात लावत्यात, दचकते मी. आता या पोराचाबी आवाज जायची वाट बघत बसू? मी वाईट न्हाई, संग्राम. मला भ्या वाटतं."

"पण पोर तिचं आहे, माई."

"तिचंच हाये. म्हनून तर चांगलं बघते त्याचं." त्या उठल्या. "थोरला सकाळी येतोय. त्याची कापडं भरायचीत."

विषय तिथंच मिटला. मी वृंदाला म्हटलं, रातोरात साताऱ्याला जातो, उद्याच्या उद्या गाडी करून आईला आणतो. वृंदा म्हणाली, येईपर्यंत तो गेलेला असेल. मग ती आत गेली आणि शंतूची झबली काढून घड्या घालायला लागली. एकेक झबलं ती मांडीवर पसरून सपाट करायची आणि पुन्हा मोडायची. मी घरभर फिरत राहिलो. बॅटरी काढली, घातली. कॅसेट मागे घेतली. दुसरं काय करणार होतो?

दिवेलागणीला उमाकांत कामावरून आला. त्याला वृंदानं सगळं सांगितलं असावं. तो माईंसमोर जाऊन उभा राहिला आणि हात जोडल्यासारखे करून शंतूकडे बोट दाखवलं. माईंनी त्याच्या ताटात भाजी वाढली. मायलेकांचं बोलणं तेवढंच चालायचं, जेवण, औषध, दाराची कडी. तो तसाच बसला, जेवला नाही.

"ते शूटिंग तरी दाखव," माई मला म्हणाल्या. घरातली शांतता त्यांना सहन होत नसावी. "पोरगं जायच्या आदी येकदा बघू दे."

मी पिवळी-पांढरी वायर टीव्हीच्या मागे खोचली. बोरन्हाण सुरू झालं. माई खूश झाल्या. "ती बघ कुलकर्न्याची पोरगी, समदे बत्तासे तिनंच उचलले. आगं बया, मी किती जाड दिसते!" पडद्यावर त्या सूप घेऊन इकडून तिकडे जात होत्या, बोलत होत्या, पोरांना दटावत होत्या. मधोमध पाटावर शंतू.

"बघ, हितं टोचाया लागला मुकुट."

पडद्यावर शंतूनं कपाळावर बोटं आपटली. माईंनी त्याचा मुकुट काढला आणि सूप भरायला वळल्या. शंतूनं पुन्हा कपाळावर बोटं आपटली.

"आता काय टोचतंय?" माई म्हणाल्या.

पडद्यावरच्या माई डावीकडे गेल्या. शंतूची मान डावीकडे गेली. बोटं कपाळावर. माई उजवीकडे आल्या. मान उजवीकडे. बोटं कपाळावर. डोक्यावर चुरमुरे पडतायत, पोरं अंगावरून उड्या मारतायत, त्याचं लक्षच नाही. त्याची नजर माईंवर, आणि बोटं कपाळावर, परत परत.

वृंदा उठून उभी राहिली. तिनं मला खूण केली, मागे घे. मी मागे घेतलं. ती टीव्हीजवळ गेली, एक बोट शंतूवर ठेवलं, दुसरं पडद्यावरच्या माईंवर. मग माझ्याकडे वळून बोलली, आणि मला कानकोंडं झालं, कारण हे मला केव्हाच कळायला हवं होतं.

"काय म्हंती?" माईंनी विचारलं.

"माई, आमच्यात प्रत्येकाला हातानं एक नाव ठेवतात," मी म्हटलं. "माझं नाव म्हणजे कान ओढायचा, कारण घरात ऐकू येणारा मी एकटा. तुमच्या कपाळावर गोंदण आहे. म्हणून वृंदाच्या बोलण्यात तुमचं नाव असं आहे." मी तीन बोटं कपाळाला लावली.

माई माझ्या बोटांकडे बघत राहिल्या.

"तो तुम्हाला हाक मारतोय."

टीव्हीवर पोरांचा गोंधळ चालू होता, तो मी बंद केला. माईंनी विचारलं, "कवापासनं?"

मी वृंदाला विचारलं. ती म्हणाली, "दिवाळीपासून. मी त्यांना दाखवलं होतं. त्यांना वाटलं माझं डोकं दुखतंय. त्यांनी बाम आणून दिला."

हे मी सांगितलं तेव्हा माईंच्या तोंडून हसू आलं की हुंदका, ते कळलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. शंतू उमाकांतच्या मांडीवर चमच्याशी खेळत होता.

"आन मी रोज ताट वाजवीत बसले," त्या म्हणाल्या. "संग्राम, हाक मारली की तुमच्यात ओ कशी देत्यात?"

मला सांगता येईना. घरात मी नेहमी तोंडानंच 'काय?' म्हणायचो, ते ऐकायला कुणी नसलं तरी. मी वृंदाला विचारलं. तिनं उत्तर दिलं आणि ते इतकं लहान होतं की मी तिला पुन्हा विचारून घेतलं.

"काही करायचं नसतं म्हणाली. त्याच्याकडे बघायचं."

माई खाली बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, भिंतीला धरून बसल्या. शंतूच्या बरोबर समोर. बोलल्या नाहीत, टाळी वाजवली नाही, नुसत्या बघत राहिल्या. चमचा खाली पडला. शंतूनं मान वर केली, त्यांचा चेहरा दिसला, आणि त्यानं तीन बोटं नव्हे, सगळा पंजाच कपाळावर आपटला.

माई बघत राहिल्या. त्याला बहुधा खरं वाटेना. त्यानं पुन्हा आपटला. त्या तिथंच होत्या. मग तो असा हसला की पुढचे दोन दात दिसले. वृंदा माझा दंड घट्ट धरून उभी होती. माझा कॅमेरा वायरीला बांधलेला होता आणि तो सोडवावा असं मला सुचलंही नाही.

"थोरल्याला फोन लाव," माई म्हणाल्या. नजर त्यांनी हलवली नाही. "म्हनावं उद्या येशील तर जेवाया ये. पोरगं कुटं जानार न्हाई."

मी फोन लावला. उमाकांतच्या भावानं सगळं ऐकून घेतलं आणि जरा चिडूनच विचारलं, "असं अचानक काय झालं? बोलायला लागला की काय तो?"

मी रिसीव्हरवर हात ठेवून माईंना विचारलं, काय सांगू.

"सांग की," माई म्हणाल्या. "दिवाळीपासनं बोलतोय म्हनावं."